चौथ्या सीटवरची मॅनेजर: वर साहेब, खाली टीम, मधे आपण

डोंबिवलीहून सकाळच्या स्लो लोकलला लेडीज डब्यात तीन जणींच्या बाकावर चौथी बसते ना, ती मी. अर्धी बाकावर, अर्धी हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला आणि उभ्या बाईची पर्स माझ्या कानाला. बसलेल्या तिघींना वाटतं ही कुठून घुसली, उभ्या असलेल्यांना वाटतं हिचं काय बाई, हिला सीट मिळाली. सहा वर्षांपूर्वी मी मॅनेजर झाले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की ऑफिसातही आपल्याला हीच सीट मिळालीये. वरचे म्हणतात तुम्ही फार टीमची बाजू घेता, टीम म्हणते मॅम आता तिकडच्या झाल्या.

पण चौथ्या सीटचा एक नियम आहे, "जरा सरका" हे तोंडाने म्हणावं लागतं. नुसतं बघत उभं राहिलं तर ठाणं गेलं तरी कुणी हलत नाही, आणि म्हटलं की दोन बोटं का होईना जागा होतेच. माझं तर असं मत झालंय की मधल्या मॅनेजरचे निम्मे हाल मागायच्या गोष्टी न मागितल्याने होतात, किंवा मागतो पण इतक्या उशिरा की समोरच्याच्या हातात काही उरलेलं नसतं. खाली जे लिहिलंय ते फिरून फिरून तिथेच येतं, कुणाकडे काय मागायचं आणि कधी.

थोडं कामाबद्दल सांगते म्हणजे उदाहरणं कळतील. कांजूरमार्गला उतरून पवईला ऑफिस, हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेमचं बॅक ऑफिस, टीम चौदा जणांची, दोन शिफ्ट. हॉस्पिटलकडून कॅशलेसची, म्हणजे बिल परस्पर विमा कंपनीने भरावं अशी, रिक्वेस्ट येते तिला आम्ही प्री-ऑथ म्हणतो, ती तपासायची, मंजूर करायची किंवा क्वेरी टाकायची. २०२४ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, नियम केला की कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी ३ तासांत द्यायची, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. पेशंटसाठी उत्तम नियम आहे, माझ्या सासऱ्यांच्या वेळी असता तर फार बरं झालं असतं. पण आमच्याकडे दोन माणसं कमी आली की घड्याळ डोक्यावर बसतं. तुमचं काम वेगळं असेल, बँक असेल, लॉजिस्टिक्स असेल, घड्याळ कुठलंतरी असतंच.

कालपर्यंत बरोबर डबा खाणारे

प्रमोशनच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या टेबलावर डबा घेऊन गेले. कुणाची भाकरी, कुणाची वालाची उसळ, माझी तोंडली. मी बसले आणि चाललेलं बोलणं थांबलं. मग एकीने, जी मला आठ वर्षं "ए बाई" म्हणून हाक मारायची तिने, "मॅम, चटणी घ्या ना" म्हणत डबी पुढे सरकवली. लसणाची होती, तिच्या आईच्या हातची, आणि मला ती खाता येईना.

मी तेव्हा जे केलं ते तुम्ही करू नका. दोन महिने मी "अगं मी तुमच्यातलीच आहे" म्हणत हिंडत होते, आणि मग मे महिन्यात त्याच मैत्रिणीची सुट्टी नाकारायची वेळ आली तेव्हा तिला वाटलं हिने गळा कापला. चूक तिची नव्हती, मीच तिला सांगितलं होतं ना काही बदललं नाही म्हणून.

आता कुणी नवा मॅनेजर झाला की मी त्याला एवढंच सांगते, पहिल्या दहा दिवसांत प्रत्येकाला वेगवेगळं घेऊन पंधरा मिनिटं बस, कॅन्टीनमध्ये नको, कुठेतरी दार लागेल अशा खोलीत. काय बदलणार ते स्पष्ट सांग, सुट्टी मी मंजूर करणार, रेटिंग मी देणार, काम मी वाटणार. आणि मग विचार, "मी या खुर्चीत बसल्याने तुला काय अडचण वाटते?" पहिल्यांदा सगळे काही नाही काही नाही म्हणतील. गप्प बसायचं. पाणी प्यायचं. मग बोलतात. आणि त्याच पोस्टसाठी ज्याने अर्ज केला होता आणि ज्याला मिळाली नाही, त्याच्याशी सगळ्यात आधी बोलायचं, शेवटी नाही, कारण तोपर्यंत त्याने बाकीच्यांशी बोलून घेतलेलं असतं.

डब्याचं म्हणाल तर मी आता आठवड्यातून दोनदाच त्या टेबलावर असते. बाकी तीन दिवस त्यांना माझ्याबद्दल बोलायला मोकळं सोडते, तो त्यांचा हक्क आहे, मीही माझ्या साहेबांबद्दल तेच करते.

"हे जरा बघा ना"

शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मी बॅगेची चेन लावतेय आणि सर केबिनमधून बाहेर येऊन म्हणतात, मेल टाकलाय, हे जरा सोमवारपर्यंत बघा ना. मेलमध्ये एक्सेल, एक्सेलमध्ये ३४० जुने क्लेम, परत ऑडिट करायचे. पूर्वीची मी असते तर हो सर म्हणून, टीममधल्या दोघांना डोळे मिचकावून, शनिवार-रविवार घरी लॅपटॉप उघडून बसले असते आणि नवऱ्यावर चिडले असते.

आता मी आधी आकडेमोड करते. एका केसला १० मिनिटं धरली तरी ३,४०० मिनिटं, म्हणजे ५७ तासांच्या आसपास, म्हणजे सात माणसांचा अख्खा दिवस. साहेबांना हा आकडा माहीत नसतो, खरंच नसतो, त्यांना एका ओळीत काम दिसतं म्हणून ते "जरा" वाटतं. त्या दिवशी मी कांजूरला प्लॅटफॉर्मवर उभं राहून हा मेसेज टाकला:

"सर, ३४० केसना अंदाजे ५७ तास लागतील. सोमवारपर्यंत सगळं करायचं तर डिस्चार्ज क्यूमधली माणसं काढावी लागतील आणि ३ तासांची वेळ चुकेल. सोमवारी १०० केसचं सॅम्पल देते, बाकीचं गुरुवारपर्यंत. किंवा दुसऱ्या टीममधून शनिवारसाठी पाच माणसं मिळाली तर सगळं सोमवारी. मी पहिलं धरून चालतेय, दुसरं हवं असेल तर आज आठपर्यंत कळवा."

यात नाही कुठेच म्हटलेलं नाही बघा. काय केलं तर काय बिघडेल ते सांगितलंय, दोन वाटा दिल्यात, आणि उत्तर नाही आलं तर मी काय करणार तेही सांगून टाकलंय. ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर साहेब मेसेज बघतात, उत्तर देत नाहीत आणि सोमवारी विचारतात झालं का. मुलुंड यायच्या आत त्यांचं उत्तर आलं, "ओके". नंतर कळलं की त्यांच्याही वरच्या साहेबांनी मुळात सॅम्पलच मागितलं होतं, आपल्या सरांनी सेफ साइड म्हणून सगळं मागितलं. हे फार होतं. दर पायरीवर प्रत्येकजण आपापलं सेफ साइड घालतो आणि खाली येईपर्यंत वाटीभर कामाचं पातेलं होतं. म्हणून "नक्की कुणाला हवंय आणि ते याचं काय करणार आहेत" हा प्रश्न विचारायला लाजू नका, फक्त उलटतपासणीच्या सुरात विचारू नका.

तोंडी सांगितलेल्या कामाचं मी लगेच तीन ओळींचं मेल करते, "आत्ता बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून. काही जणांना हे अविश्वासाचं वाटतं. आमच्या सरांनाही पहिल्यांदा लागलं असावं, पण सहा महिन्यांनी एका मीटिंगमध्ये त्यांनाच ते मेल कामी आलं तेव्हापासून ते स्वतःच म्हणतात, ते तुमचं मेल टाका.

आणि रात्री दहाचे व्हॉट्सॅप. यावर भांडण रात्री करायचं नाही, दुपारी जेवणानंतर साहेब खुशीत असताना म्हणायचं, "सर, साडेनऊनंतर मी मेसेज बघत नाही, अर्जंट असेल तर सरळ फोन करा, मी उचलीन." मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला माणूस दोनदा विचार करतो. मागच्या अख्ख्या वर्षात तीन फोन आले, तिन्ही खरंच अर्जंट होते. मात्र हाच नियम मग खाली आपल्या टीमलाही लावायचा, नाहीतर तोंड नाही उरत.

चुका करणारा पोरगा

हे जरा लांबण लावून सांगते कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय.

टीममध्ये एक पोरगा होता, चार वर्षं जुना, कामाला एकदम पक्का. अचानक त्याच्या चुका वाढल्या. आमच्याकडे रूम रेंटची लिमिट असलेल्या पॉलिसी असतात, समजा ५ लाखांची पॉलिसी आणि दिवसाला १ टक्का म्हणजे ५ हजारांपर्यंतची खोली, आणि पेशंट राहिला ८ हजारांच्या खोलीत, तर नुसते वरचे तीन हजार नाही, बिलातले बाकीचे काही खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे त्याच्या हातातलं काम, झोपेत करेल असं. आणि हा लिमिट बघायचीच विसरायला लागला. महिन्यात नऊ चुका क्यूसीने, म्हणजे काम तपासणाऱ्यांनी, पकडल्या. मी त्याला बोलावलं आणि छान लेक्चर दिलं, लक्ष दे, अप्रेझल जवळ आलंय, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती वगैरे. तो हो मॅम, सॉरी मॅम म्हणून गेला. पुढच्या महिन्यात अकरा.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वीसच्या वीस चुका काढल्या आणि समोर तारीख, वार, वेळ लिहिली. कागदावर, पेनाने. सतरा चुका सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या निघाल्या. मंगळवार-गुरुवारी माणूस पूर्वीसारखा चोख. आता लक्ष नसलेला माणूस वार बघून लक्ष घालवत नाही ना. त्याला परत बोलावलं, कागद समोर ठेवला आणि एवढंच विचारलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार काय असतं?"

आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, पहाटेचा स्लॉट मिळाला होता म्हणून हा साडेचारला उठून आईला सोडायचा, बहीण येईपर्यंत थांबायचा आणि तिथून धावत ऑफिस. कुणाला सांगितलं नव्हतं, का तर सांगितलं की लोक काम कमी देतात आणि मग रेटिंग जातं. आणि खरं सांगू, त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं, असं होतं.

तीन दिवस त्याला दुपारच्या शिफ्टला टाकलं, बदल्यात दुपारवाली एक जण सकाळी यायला एका पायावर तयार होती, तिला संध्याकाळी मुलाचा क्लास होता. पुढच्या महिन्यात चुका दोन. हे मी काही मोठं काम केलं म्हणून सांगत नाहीये, एक महिना आधी केलं असतं तर त्याला ते लेक्चर ऐकावं लागलं नसतं, आणि तो कसनुसा चेहरा करून सॉरी मॅम म्हणाला होता ते मला अजून टोचतं.

तर पद्धत अशी: चूक दिसली की माणसाला बोलवायच्या आधी चुकांची यादी करा, वार-वेळ-कामाचा प्रकार असे तीन कॉलम. सगळ्या एकाच प्रकारच्या कामात असतील तर शिकवण्यात कमी पडलंय. एकाच वेळेला असतील तर आयुष्यात काहीतरी चाललंय. सगळीकडे पसरलेल्या असतील आणि विचारल्यावरही काही निघत नसेल, तर मग कामात मन नाही, आणि मग मात्र गोड बोलत बसायचं नाही, काय सुधारायचं, किती, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहून द्यायचं. असेही असतात. एकाला मी तीन वेळा संधी दिली आणि चौथ्यांदा बाकीच्या तेरा जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला पुरेशी होती.

गणपती, पाऊस आणि रजेचं रजिस्टर

मुंबईत मॅनेजरची खरी परीक्षा अप्रेझलला नसते, भाद्रपदात असते. माझ्या चौदापैकी पाच कोकणातले. रत्नागिरी, कणकवली, गुहागर. त्यांना गणपतीला जाऊ नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणणं, मी स्वतः त्यातलीच. रेल्वेचं आगाऊ बुकिंग पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता वेटिंगला जातात. म्हणजे तुमच्या माणसाला सुट्टी नक्की आहे की नाही हे ६० दिवसांच्या आधी कळायला हवं, नाहीतर तो आधी तिकीट काढतो आणि मग तुमच्यासमोर तिकीट ठेवतो, आणि तिकीट बघून नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं.

मी ७५ दिवस आधी रजिस्टर उघडते. नियम एकच, पाचातले तिघे एका वेळी जाऊ शकतात, कोण जाणार ते त्यांनी आपसात ठरवायचं, मी मधे पडणार नाही, ठरलं नाही तर चिठ्ठ्या. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, दुसऱ्या वर्षीपासून त्यांनीच जमवलं, एकजण दीड दिवसाचा करून परत येतो, दुसरा मग गौरींना जातो. बाकीच्यांकडून गणपतीत जास्तीची शिफ्ट मागते ती फुकट मागत नाही, ईदला, छठला, ख्रिसमसला, मे महिन्यात त्यांना पहिला नंबर. हे सगळं भिंतीवरच्या एका कागदावर लावलेलं आहे, माझ्या डोक्यात नाही. डोक्यात असलं की पक्षपाताचा आरोप येतो, आणि थोडाफार तो खराही असतो.

आता पाऊस. २६ जुलै २००५ ला मी पहिल्या नोकरीत होते. दुपारी आम्ही विचारलं निघू का, आमचे तेव्हाचे मॅनेजर म्हणाले थांबा, बघू. संध्याकाळी बघायला गाड्याच नव्हत्या. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आम्ही नऊ पोरी ऑफिसात ग्लुकोजची बिस्किटं खाऊन टेबलांवर झोपलो आणि घरी फोन लागत नव्हते. त्या माणसाला वाईट म्हणत नाही, तोही वरून हो येण्याची वाट बघत असणार. पण तेव्हाच मनाशी ठरवलेलं, माझ्यावर कधी वेळ आली तर "बघू" म्हणायचं नाही.

म्हणून मे संपायच्या आत मी दोन कामं करते. महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते, साडेचार मीटरच्या वरच्या. अशा भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस आला की पाणी समुद्रात जात नाही आणि सायन-कुर्ल्याला रुळांवर चढतं, मग सेंट्रल लाइनचं काय होतं ते सांगायला नको. त्या तारखा मी कॅलेंडरवर लाल करते आणि त्या दिवशी लांबून येणाऱ्या निम्म्या लोकांना घरून लॉगिन द्यायची परवानगी साहेबांकडून आधीच मेलवर घेऊन ठेवते. मे महिन्यात ही परवानगी सहज मिळते, उन्हात कुणाला पावसाची भीती वाटत नाही. जुलैच्या सकाळी साडेसातला मागून बघा, साहेबांचा फोनच लागत नाही. दुसरं काम, कोणी कुठे राहतं, कोणती लाइन, आणि अडकलं तर वाटेत कुणाकडे थांबू शकतं, ही यादी. आमच्या अंबरनाथवालीला घाटकोपरची सहकारी घरी नेते असं ठरलेलं आहे, दोनदा वापरलं गेलंय.

दुसरं डिपार्टमेंट

यावर फार नाही लिहीत. तिकीट टाका (म्हणजे सिस्टिममध्ये तक्रार नोंदवा), मेल करा, वरच्यांकडे न्या हे सगळं असतंच, पण आयटीतल्या मॅनेजरबरोबर महिन्यातून एकदा खाली टपरीवर कटिंग प्यायचा आणि तेव्हा कामाचं काही मागायचं नाही. उलट तुमच्यामुळे त्याला काय त्रास होतो ते विचारायचं. आमच्या लोकांनी एकाच अडचणीची पाच पाच तिकिटं टाकल्याने त्याचा रिपोर्ट खराब व्हायचा, हे मला टपरीवर कळलं. ते बंद केलं आणि तेव्हापासून आमचं तिकीट दोन दिवस पडून राहत नाही.

रेटिंग, पगारवाढ आणि वरून आलेल्या बातम्या

एप्रिल आला की सगळ्यांचे चेहरे बदलतात. बेल कर्व्हवर मी बोलायला लागले तर संपणार नाही, चौदा माणसं चांगली असली तरी दोघांना खाली ढकलायचंच हे गणित मला कधी पटलेलं नाही, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २०१३ मध्येच हा प्रकार बंद केला. पण आमच्याकडे आहे तोवर आहे. मग त्यातल्या त्यात करायचं काय, तर जानेवारीत साहेबांना विचारायचं की यंदा वरची रेटिंग किती मिळतील आणि कशावर ठरतील. मार्चमध्ये विचारलं की यादी झालेली असते. आणि दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवायच्या, तारखेसह. नाहीतर मार्चमध्ये आपल्याला फेब्रुवारी तेवढा आठवतो, आणि जूनच्या पुरात रात्री अकरापर्यंत थांबलेला माणूस तीनचं रेटिंग घेऊन घरी जातो.

वाईट बातमी सांगायची असते तेव्हा दोन मोह होतात. एक म्हणजे "मी खूप भांडले गं पण वरच्यांनी ऐकलं नाही" असं म्हणून स्वतः चांगलं व्हायचं. एकदा चालतं, मग टीमला कळतं की हिच्या भांडण्याला किंमत नाही आणि पुढच्या वेळी ते थेट वर जातात. दुसरा, कंपनीची भाषा तशीच्या तशी वाचून दाखवायची. मी आकडा पहिल्या मिनिटात सांगते, कारण त्याच्या आधी बोललेलं कुणी ऐकत नाही. मग गप्प बसते. मग त्यांचं ऐकते. आणि माणसं कमी करणार अशी कुजबुज असेल आणि मला काही माहीत असूनही बोलायची मुभा नसेल तर तसंच सांगते, "काही गोष्टी मला सांगता येत नाहीत, पण विचारशील तर खोटं सांगणार नाही." एकाने त्यावर विचारलं, मग होम लोन आता घेऊ का? मी म्हटलं तीन महिने थांब. त्याने थांबवलं.

कुणी दिवस गेल्याचं सांगायला आली तर आधी अभिनंदन, कॅलेंडर नंतर. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ पर्यंत ती १२ होती, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. म्हणजे तुम्हाला जवळजवळ सहा महिने माणूस लागणार आहे हे चौथ्या महिन्यातच माहीत असतं. बदली माणूस तेव्हाच मागा, आठव्या महिन्यात मागून मग तिच्यासमोर कपाळाला आठ्या घालू नका. तिने काही लपवलेलं नसतं, तुम्हीच मागितलेलं नसतं.

आणि एक गोष्ट जिथे स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही. टीममधली मुलगी दार लावून म्हणाली की अमुक माणूस त्रास देतो, अंगचटीला येतो, तर "मी बघते त्याच्याकडे" म्हणायचं नाही. त्याला बोलावून समज द्यायची नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं तर नाहीच नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष महिला असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची, कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, आणि चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं तर तिची किंवा त्याची बदली किंवा तिला ३ महिन्यांपर्यंत रजा द्यायची शिफारस समिती करू शकते. हे तिला माहीत नसतं, तुम्हाला माहीत हवं. समितीतल्यांची नावं आणि नंबर आत्ता शोधून ठेवा. ऑफिसच्या भिंतीवर लावलेली असायला हवीत, नसतील तर तीही मागायची गोष्ट आहे.

स्वतःची सुट्टी

पहिली चार वर्षं मी गावी गेले तरी लॅपटॉप बरोबर. अंगणात रेंज येते तिथे, माडाखाली, खुर्ची टाकून. सासूबाई एकदा म्हणाल्या, अगो, तू इलंस की तुझा हापिस इलां?

यंदा मे महिन्यात नऊ दिवस गेले आणि जायच्या तीन आठवडे आधी तालीम केली. माझ्याजागी कोण बसणार ते ठरवलं, दोघांत वाटून, आणि एक अख्खा बुधवार मी ऑफिसात असूनही त्यांनाच सगळं करायला लावलं. त्या दिवशी ज्या सात गोष्टींसाठी ते माझ्या टेबलाशी आले त्या सात लिहून काढल्या. तीन पासवर्ड आणि परवानग्यांच्या होत्या, त्या रीतसर त्यांच्या नावावर करून घेतल्या. दोन साहेबांच्या होत्या, मग साहेबांना सांगितलं की नऊ दिवस ५० हजारांच्या आतले अपवाद हे दोघं मंजूर करतील, चालेल ना. ते म्हणाले तुम्हाला विश्वास आहे ना, मग चालेल. उरलेल्या दोन नुसत्या सवयीच्या होत्या, मला विचारायची सवय.

नऊ दिवसांत एक फोन आला, चौथ्या दिवशी, फणस कापत होते, हात चिकाने भरलेले, नवऱ्याने फोन कानाला धरला. स्टोअररूमची किल्ली सापडत नव्हती. गणपतीच्या फोटोमागे, खिळ्याला.